एकावर एक व्ह्यू ठेवताना: सुरुवातीला एवढंच पक्कं करा

अँड्रॉइड ॲपमध्ये फोटोवर मजकूर बसवायचाय ना? स्क्रीनवरचा प्रत्येक घटक म्हणजे एक व्ह्यू. मग सरळ फ्रेमलेआउट (व्ह्यू एकमेकांवर रचणारी चौकट) घ्या. नियम एकच: एक्सएमएलमध्ये (स्क्रीनची मांडणी लिहायच्या फाइलमध्ये) जो व्ह्यू नंतर लिहाल, तो वर दिसतो. म्हणजे आधी इमेजव्ह्यू (फोटो), मग टेक्स्टव्ह्यू (मजकूर).

नवीन मंडळी हमखास अडकतात ती ग्रॅव्हिटीत. 'लेआउट ग्रॅव्हिटी' व्ह्यूला त्याच्या पॅरेंटमध्ये (त्याला सामावणाऱ्या चौकटीत) जागा देते. नुसती 'ग्रॅव्हिटी' व्ह्यूच्या आतला मजकूर सरकवते. टेक्स्टव्ह्यूची रुंदी 'मॅच पॅरेंट' (पॅरेंटइतकी) असेल तर लेआउट ग्रॅव्हिटीने तो आडवा हलणारच नाही, कारण सरकायला जागाच उरलेली नसते. आधी 'रॅप कंटेंट' (मजकुराइतकीच रुंदी) करून बघा.

दुसरी अडचण जास्त छळते. क्रम बरोबर, तरी बटणावर ठेवलेला टेक्स्टव्ह्यू गायब! अँड्रॉइड ५.० पासून एलिव्हेशन (व्ह्यूची पडद्यापासूनची उंची) आलं, आणि ज्याचं एलिव्हेशन जास्त तो वर. बऱ्याच मटेरियल (गूगलच्या डिझाइन शैलीतल्या) बटणांना ते मुळातच असतं, दाबल्यावर आणखी वाढतं. टेक्स्टव्ह्यूला १० डीपी (अँड्रॉइडचं मोजमापाचं एकक) एलिव्हेशन द्या, वर येईल.

आयकॉनच्या कोपऱ्यावर बॅज (छोटी खूण) हवा असेल तर मात्र कन्स्ट्रेंटलेआउट, म्हणजे व्ह्यूंच्या कडा एकमेकांना बांधणारी चौकट. बॅजचे टॉप आणि बॉटम दोन्ही आयकॉनच्या टॉपला बांधा, स्टार्ट (मजकूर सुरू होतो ती बाजू) आणि एंड (संपतो ती) दोन्ही आयकॉनच्या एंडला. बॅजचा मध्य नेमका कोपऱ्यावर येतो. फार सुंदर युक्ती आहे ही.

आणि कृपया:
- निगेटिव्ह मार्जिनने ढकलाढकली नको.
- लेफ्ट-राइटऐवजी स्टार्ट-एंड वापरा.

ट्रान्सलेशन (व्ह्यू मूळ जागेवरून सरकवणं), कस्टम व्ह्यूग्रुप (स्वतः लिहिलेली चौकट) वगैरे सध्या बाजूला ठेवा. अडलात तर एक्सएमएल दाखवा, बघू.