हसू आणि हसे

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तक्रार दिसली. वडिलांना निवृत्त होऊन सहा महिने झाले, ते दिवसभर घरात असतात, लावलेली कपाटे पुन्हा लावतात, टीव्हीचा आवाज वाढवतात आणि एकच गोष्ट तीनतीनदा विचारतात. दुसऱ्या वाचनात तुझी खंत दिसली. मित्र घरी आलेले असताना तू वडिलांच्या ‘काय म्हणालास?’ची हुबेहूब नक्कल केलीस, सगळे हसले, वडीलही हसले, आणि त्यानंतर मात्र मित्र आले की ते आतल्या खोलीत जाऊन बसू लागले. ‘तुम्ही पतिपत्नी स्वतःच्या म्हातारपणावर एवढे हसता आणि तरीही कोणी दुखावत नाही, मग आमच्याच घरी हसण्याचे रडू का व्हावे?’ असे तू विचारतोस. प्रश्न मनापासून विचारला आहेस, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो.

मराठीत ‘हसू’ आणि ‘हसे’ असे दोन शब्द आहेत. हसू येते आणि हसे होते. हसू दोघांत वाटून घेता येते. हसे एकट्याचेच होते आणि बाकीचे भोवती उभे असतात. त्या दिवशी तुझ्या वडिलांचे हसे झाले, आणि चारचौघांत त्यावर हसण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. ते रागावले असते, तर ‘यांना थट्टासुद्धा कळत नाही’ असे ठरले असते. त्यांच्या हसण्याला तू संमती समजलास, एवढीच तुझी चूक आहे आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे.

आमच्या घरातला एक प्रसंग सांगतो. गेल्या महिन्यात मी खिडकीकडे तोंड करून वाचत बसलो होतो आणि तिथूनच, मान न वळवता, पत्नीला म्हणालो, “धाकट्याची साठी आली.” ती आतून म्हणाली, “कोणाची काठी?” मी पुन्हा म्हणालो, “साठी!” त्यावर ती म्हणाली, “अहो, पण तो तर अजून जिने पळत चढतो, त्याला काठी कशाला?” मग मी उठलो, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि ओठ नीट हलवून तोच शब्द उच्चारला. तिने क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तिला जे हसू फुटले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबले नाही. तिचे पाहून माझेही तेच झाले. तेवढ्यावर न थांबता तिने माझ्या भावाला फोन लावून काठीच्या शुभेच्छा दिल्या. या प्रसंगात कान तिचा होता आणि विनोदही तिनेच केला. तो मी तिच्या हातून काढून घेतला नाही. तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे.

उरलेले निम्मे उत्तर असे की ‘साठी’ची ‘काठी’ का झाली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते आणि तिच्यात ध्वनी टिपणाऱ्या, केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या सुमारे १५,००० पेशी असतात. माणसात त्या एकदा गेल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी या शंखाच्या तोंडाशी असतात आणि वयोमानाने आधी त्याच झिजतात. आ, ओ यांसारखे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात, तर स, श, फ, थ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीतली आणि हलकी असतात. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे व्यवस्थित ऐकू येते, ‘आठी’ एवढा भाग पोहोचतो आणि आधीचे अक्षर मेंदूला अंदाजाने भरावे लागते. ‘बाबांना हवे ते बरोबर ऐकू येते’ हा घरोघरचा आरोप म्हणूनच अन्यायाचा आहे. शांत खोलीत समोर बसलेल्या एकाचे बोलणे त्यांना कळते, आणि टीव्ही चालू असताना चौघे एकदम बोलू लागले की कळेनासे होते. यात लबाडी नाही. तू ओरडतोस तेव्हा स्वर तेवढे मोठे होतात, पण व्यंजने जिथल्या तिथे राहतात आणि वर तुझा चेहरा रागावलेला दिसतो. समोर जा, उजेड तुझ्या तोंडावर पडेल असा उभा राहा, सावकाश बोल, आणि एकदा कळले नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हणण्याऐवजी शब्द बदलून सांग. त्यांच्या कानांची तपासणीही करून घे. श्रवणयंत्र लागले, तर त्याची सवय होण्यास काही आठवडे जातात; पहिल्या चार दिवसांत ते खणात जाऊन पडणार नाही, एवढे तू पाहायचे आहेस.

चष्म्याची गंमत तू लिहिली आहेसच. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, म्हणजे ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’. पण चष्मा सारखा काढावा आणि घालावा का लागतो, याचा विचार केला आहेस का? डोळ्यातले भिंग बालपणी मऊ असते आणि दर वर्षी थोडेथोडे कडक होत जाते. दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यापासून सात-आठ सेंटिमीटरवरचे अक्षर स्पष्ट दिसते. साठीपर्यंत हे अंतर जवळजवळ एक मीटरवर जाते, आणि कोणाचाही हात काही एक मीटर लांब नसतो. अमेरिकी मुत्सद्दी आणि संशोधक बेंजामिन फ्रँकलिन यांना दूरचा आणि जवळचा असे दोन चष्मे सारखे बदलण्याचा कंटाळा आला, तेव्हा त्यांनी दोन्हींची भिंगे अर्धीअर्धी कापवून एकाच चौकटीत बसवली. १७८५ साली, वयाच्या ७९व्या वर्षी फ्रान्समधून एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आनंदाने कळवले की या चष्म्यामुळे आपल्याला फ्रेंच भाषा अधिक चांगली समजू लागली आहे, कारण बोलणाऱ्याच्या चेहऱ्याची हालचाल आता स्पष्ट दिसते. हे पत्र मला फार आवडते. वाढत्या वयाची अडचण सांगताना त्या गृहस्थांचा स्वर कुठेही रडका होत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचा अर्धा कान त्याच्या डोळ्यात असतो, ही खरी गोष्टही ते सहज सांगून जातात.

आणखी एक साधी बाब आहे. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते, आणि विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर पोहोचतो. तुझे वडील औषधाची बाटली खिडकीपाशी नेतात, ती आधी लांब धरतात, मग जवळ आणतात, अंगठ्याने चिठ्ठीची मुडपलेली कड सरळ करतात, आणि शेवटी तुला हाक मारून ‘हे तेच आहे ना?’ असे विचारतात. तुझ्या पत्रात हा प्रश्न तीनदा विचारला जाणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे. मला मात्र त्यात काळजीपूर्वक वागणारा माणूस दिसतो. चुकीची गोळी घेण्यापेक्षा मुलाचा वैताग सोसलेला बरा, असे त्याने ठरवलेले आहे.

विसरण्याविषयी तू धास्तावून लिहिले आहेस. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की ती कधी तपासून पाहत नाही. अमेरिकेत सिएटल येथे के. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सुरू केलेल्या आणि अनेक दशके चाललेल्या अभ्यासात त्याच त्या माणसांची बुद्धी दर सात वर्षांनी मोजली गेली. झटपट उत्तर देण्याचा वेग लवकर मंदावतो हे खरे, पण शब्दसंपत्ती आणि शब्दांची समज साठीतही टिकून असते. नाव ओठांवर येऊन अडते, कारण नावाला अर्थाचा आधार नसतो; त्या माणसाचे काम, घर, चालण्याची ढब हे सगळे आठवते आणि नेमके नाव तेवढे येत नाही. ते थोड्या वेळाने आपणहून येते. तोवर थांब, त्यांच्या तोंडातला शब्द हिसकावून घेऊ नकोस. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर ‘मी इथे कशाला आलो?’ असे होणे हे तर वयाचे लक्षणसुद्धा नाही. गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेले दार ओलांडल्यावर होणाऱ्या विसराचे प्रयोग महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांवरच झाले होते. तुझेही असे होत असेल; फक्त तुझ्या बाबतीत त्याला कामाचा ताण म्हणतात आणि वडिलांच्या बाबतीत म्हातारपण.

मात्र काही गोष्टी हसण्यावारी न्यायच्या नाहीत. किल्ली कुठे ठेवली हे न आठवणे निराळे, आणि हातातली किल्ली कशासाठी असते हे न कळणे निराळे. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, एकाएकी असंबद्ध बोलणे, वारंवार पडणे, कारण नसताना वजन उतरणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

आता कपाटांविषयी लिहितो, कारण तिथेच तुझ्या घरातले खरे दुखणे आहे असे मला वाटते. मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी जागा झालो, दाढी केली, कपडे केले आणि खुंटीवरच्या पिशवीकडे हात गेला. पिशवीत काहीच नव्हते. मी ती हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. ज्या माणसाला रोज वीस जण ‘साहेब, याचे काय करायचे?’ असे विचारत होते, त्याला त्या दिवशी दुपारपर्यंत कोणीही काहीही विचारले नाही. तुझ्या वडिलांचे हेच झाले आहे. निर्णय घेण्याची त्यांची सवय शाबूत आहे आणि निर्णय घेण्याजोगे घरात एक कपाटच उरले आहे, म्हणून ते कपाट लावतात. ज्या तारखेने त्यांना घरी बसवले, ती तारीखही काही शरीराने ठरवलेली नाही. जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्क यांच्या काळात, १८८९ साली, म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तेव्हा वयाची अट ७० वर्षांची होती. १९१६ साली ती ६५वर आणली. माणसे तीच होती, फक्त कागदावरचा आकडा बदलला. तेव्हा वडिलांना वेळ घालवण्यासाठी काहीतरी देऊ नकोस, ज्यात त्यांचा शब्द अखेरचा असेल असे खरे काम सोपव. घराची कागदपत्रे आणि देणी त्यांच्याकडे दे, आणि दिल्यावर मागून तपासत बसू नकोस.

त्यांच्या जुन्या गोष्टी तुला पाठ झाल्या आहेत, असे तू लिहितोस. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ साली असे मांडले की उतारवयात मागचे आठवणे हा बुद्धीचा ऱ्हास नसून आयुष्याचा हिशेब जुळवून पाहण्याचे काम असते. मला हे पटते. माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगतो, कारण तिच्यातले काहीतरी अजून सांगायचे राहिलेले असते. पुढच्या वेळी ‘हे सांगून झाले आहे’ असे म्हणण्याऐवजी त्यांना त्या गोष्टीतला असा एखादा प्रश्न विचार, जो आजवर कोणीच विचारला नसेल. त्या दिवशी पाऊस होता का? तुमच्याबरोबर आणखी कोण होते? तुम्ही घाबरला होतात का? गोष्ट तिथून निराळ्या वाटेने जाईल.

शरीराविषयी निराश होऊ नकोस आणि त्यांनाही होऊ देऊ नकोस. मारिया फियातारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सरासरी ९० वर्षे वयाच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला होता. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली आणि दोघांनी चालताना काठी वापरणे सोडले. हे मी पत्नीला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, “साठीची काठी होते, तशी काठीची साठीही होते म्हणायची.” आम्ही दोघेही आता रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठतो. तुझ्या वडिलांनाही हा व्यायाम सांग, पण डॉक्टरांना विचारून, आणि पहिले काही दिवस तू शेजारी उभा राहून.

शेवटी तुझ्या स्वतःच्या हिताचे सांगतो. बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली पन्नाशी ओलांडलेल्या ६६० जणांविषयी लिहिले. ज्यांचे स्वतःच्या वाढत्या वयाविषयीचे मत चांगले होते, ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले. आजार, परिस्थिती यांचा हिशेब धरूनही हा फरक राहिला. म्हातारपणाविषयीची ही मते माणूस साठाव्या वर्षी बनवत नाही. ती तो तुझ्या वयापासून, इतरांच्या नकला करत आणि पाहत गोळा करतो, आणि आपली पाळी आली की तीच घेऊन त्याला आरशापुढे उभे राहावे लागते. म्हणून वडिलांची नक्कल करू नकोस, असे मी तुला सांगतो आहे. त्यांच्याइतकाच मला तुझाही जिव्हाळा आहे.

झाल्या प्रकाराबद्दल मोठ्या थाटाने क्षमा मागायला जाऊ नकोस. त्यांना संकोच होईल. मित्र पुन्हा येतील, तेव्हा आधी टीव्ही बंद कर, वडिलांची खुर्ची अशी मांड की सर्वांचे चेहरे त्यांना दिसतील, आणि तुझ्या मित्रांना त्यांच्या नोकरीतली एखादी मजेची हकिकत सांगायला त्यांनाच सांग. पहिल्या दिवशी ते कदाचित नाही म्हणतील. दुसऱ्या वेळी पुन्हा विचार. कोणता नवा प्रश्न विचारलास आणि त्यावर त्यांनी काय सांगितले, हे मला सविस्तर कळव. मी वाट पाहतो. त्यांच्या वाचण्याच्या जागेवरचा दिवा मात्र आजच बदलून अधिक उजेडाचा लाव.

तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग.

तुझा हितचिंतक