कॅटेगरीला ‘श्रेणी’ म्हणायचं की ‘वर्ग’?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका गेम बनवणाऱ्या मुलाने विचारलंय, गेमसाठी लागणारी मॉडेलं, टेक्स्चर, आवाज वगैरे विकायला मराठी साइट काढतोय, तर कॅटेगरीला श्रेणी म्हणू की वर्ग, आणि असेटला मालमत्ता चालेल का.

मालमत्ता आधी काढून टाक. नाशिककराने तो शब्द वाचला की त्याला महापालिकेची घरपट्टीच आठवणार. काही बनवायला जे जे लागतं त्याला आपण साहित्य म्हणतो ना, पूजेचं साहित्य, बांधकाम साहित्य, तसं गेम साहित्य म्हण, नाहीतर सरळ असेटच ठेव, या कामातले सगळे तेच बोलतात.

आता श्रेणी. कॅटेगरीसाठी तो हिंदीत रुळलाय, हिंदी विकिपीडियावर श्रेणी आहे आणि मराठी विकिपीडियावर वर्ग. मराठीत श्रेणी म्हटलं की वरचं-खालचं आलंच, अ श्रेणी, ब श्रेणी, प्रथम श्रेणीत पास. लासलगावच्या मार्केटचं बघ, लाल कांदा आणि उन्हाळ कांदा ही झाली वर्गवारी, पण त्याच मालातून बारीक गोल्टी वेगळी काढली की ती प्रतवारी, तिथे लगेच भावात फरक पडतो. श्रेणी हा प्रतवारीच्या बाजूचा शब्द आहे. तुझ्या साइटवर रेटिंग असणारच, श्रेणी लागलीच तर तिथे वापर.

वर्ग चुकीचा मुळीच नाही, पण बटणावर एकटा ‘वर्ग’ दिसला की शाळा डोळ्यासमोर येते. प्रवर्ग तर नकोच, तो जातीच्या दाखल्याचा शब्द होऊन बसलाय. मी ‘विभाग’ घेईन, आणि त्याच्या आतल्याला उपविभाग न म्हणता (ते प्रांत ऑफिस वाटतं) साधं ‘प्रकार’.

पण शब्दापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एका पातळीवर एकाच हिशोबाने वाटणी कर. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचं असेट स्टोअर, म्हणजे असल्याच मालाचं ऑनलाइन दुकान, २०१० पासून आहे, तिथे वर थ्रीडी, टूडी, ऑडिओ, टूल्स अशी वस्तू काय आहे त्यावरून वाटणी, आणि थ्रीडीच्या आत कॅरेक्टर्स, एन्व्हायर्नमेंट्स, प्रॉप्स, व्हेइकल्स, व्हेजिटेशन. पिक्सेल आर्ट (चौकोनी ठिपक्यांचं चित्र), लो-पॉली (मोजक्या सपाट पैलूंचं थ्रीडी मॉडेल) ही शैली झाली, भयपट, मध्ययुगीन हा विषय झाला, ते विभागांच्या रांगेत घुसवलं तर एकच लो-पॉली किल्ला तीन ठिकाणी बसेल आणि विकणारा कुठेतरी एकीकडे टाकून मोकळा होईल, मग शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. शैली आणि विषय टॅगमध्ये जाऊ दे, टॅगला टॅगच म्हण.

आतल्या प्रकारांसाठी मात्र मराठी नाटकवाल्यांकडून खुशाल शब्द उचल, त्यांनी हे सगळं आधीच निस्तरलंय. एन्व्हायर्नमेंटला पर्यावरण केलंस तर लोक प्रदूषणाचं काहीतरी समजतील, तिथे ‘नेपथ्य’ किती चपखल बसतं बघ! कॅरेक्टर म्हणजे पात्रं. म्युझिक म्हणजे पार्श्वसंगीत, साउंड इफेक्ट म्हणजे ध्वनी परिणाम. प्रॉप्सला कालिदास कलामंदिरच्या विंगेतसुद्धा ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, पण तुझ्या गिऱ्हाइकाला त्यावरून प्लॉट-फ्लॅट आठवेल, म्हणून तिथे ‘वस्तू’ बरं. व्हेजिटेशनला वनस्पती नको, ‘झाडंझुडपं’. टेक्स्चरला ‘पोत’ हा आपला अस्सल शब्द आहे, कापडाचा पोत, जमिनीचा पोत, चित्रकारही तोच वापरतात, फक्त सर्चमध्ये टेक्स्चर टाइप केलं तरी तिथेच पोचेल असं कर, कारण बहुतेक जण तेच टाइप करणार.

आणि एक, पात्रं-झाडंझुडपं असं बोलीतलं लिहायचं की पात्रे-झाडेझुडपे असं छापील, ते आधीच ठरव आणि मेनूभर तेच पाळ, एका ओळीत दोन्ही दिसलं की डोळ्याला फार खुपतं. ‘इतर’ ठेव, पण सगळ्यात शेवटी, आणि त्यात एकाच जातीचा माल साठायला लागला की त्याचा वेगळा प्रकार काढ.