ईर्ष्यावान देव आणि करारातले प्रेम : होशेयापासून जखऱ्यापर्यंत

प्रश्नकर्त्यांच्या दोन शंका आहेत. मत्सराला आपण षड्रिपूंत गणतो, मग इब्री शास्त्रातला (ज्यूंच्या धर्मग्रंथातला, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातला) परमेश्वर स्वतःला 'ईर्ष्यावान देव' कसा म्हणवून घेतो, ही पहिली. होशेयासारखे संदेष्टे, म्हणजे परमेश्वराचा संदेश लोकांना सांगणारे, त्याच परमेश्वराला संतापलेल्या पतीच्या रूपात उभे करतात, तेव्हा घरातल्या जुलमाला धर्माचे पाठबळ मिळत नाही का, ही दुसरी. दोन्ही शंका रास्त आहेत आणि दुसरी मला अधिक गंभीर वाटते, म्हणून तिच्याकडे शेवटी सविस्तर येतो.

पहिल्या शंकेचे उत्तर ही ईर्ष्या कोणाच्या बाबतीत व्यक्त होते, हे पाहिल्यावर मिळू लागते. सीनाय पर्वतावर परमेश्वराने इस्राएल लोकांशी करार करून दिलेल्या आज्ञांमध्ये हा शब्द मूर्तिपूजेच्या मनाईला लागूनच येतो, आणि 12व्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदेस याने नोंदवून ठेवले आहे की परमेश्वराच्या ईर्ष्येची भाषा शास्त्रात मूर्तिपूजेच्या संदर्भातच आढळते. याला जोडून आमोस या संदेष्ट्याच्या ग्रंथाचे पहिले दोन अध्याय वाचावेत. तेथे इस्राएलच्या शेजारच्या दिमिष्क, गज्जा, सोर, अम्मोन यांच्यावर एकामागून एक आरोपपत्रे येतात. पण ती राष्ट्रे परक्या देवांना भजतात असा ठपका एकदाही ठेवलेला नाही. दिमिष्काचा अपराध हा की त्याने गिलाद या इस्राएलच्या प्रदेशाला लोखंडी अवजारांखाली मळणीसारखे तुडवले. त्या राष्ट्रांशी परमेश्वराने सीनायचा करार केलेला नव्हता, म्हणून त्यांचा हिशेब क्रौर्याबद्दल होतो, परमेश्वराशी केलेल्या बेइमानीबद्दल होत नाही. ज्याने शब्द दिला आणि घेतला, त्याच्याच संदर्भात ईर्ष्येला अर्थ आहे. दुसऱ्याजवळचे आपल्याला हवे असणे हा मत्सर झाला. संदेष्टे बोलतात ते ज्याच्याशी नाते जोडले त्याला सोडून न देण्याबद्दल.

करार आणि प्रेम यांची ही सांगड आपल्याला विचित्र वाटते, कारण करार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्टँप पेपर येतो. प्राचीन पश्चिम आशियात मात्र राजकीय करारही प्रेमाच्या भाषेत लिहिले जात. अश्शूरचा राजा एसर-हद्दोन याने इ.स.पू. 672 मध्ये मांडलिकांकडून घेतलेल्या शपथेच्या मृत्पट्टिका 1955 मध्ये निमरूद येथे सापडल्या. त्यांत युवराज अशुरबानिपालावर स्वतःच्या जिवाइतके प्रेम करा, अशी स्पष्ट आज्ञा आहे. शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातली 'पूर्ण मनाने प्रीती कर' ही आज्ञा याच जगातली आहे. त्या प्रेमात भावना असते, पण निष्ठा हा त्या प्रेमाचा कणा असतो.

आता होशेयाकडे वळू, कारण या विषयाचा खरा गाभा तेथे आहे. तो उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात, इ.स.पू. 8व्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या काळात बोलू लागला. गोमरेशी त्याचा विवाह झाला, आणि तिच्या मुलांपैकी धाकट्याचे नाव ठेवले गेले लो-अम्मी, म्हणजे 'माझे लोक नव्हेत'. 'तुम्ही माझे लोक व्हाल, मी तुमचा देव होईन' हे कराराचे मूळ सूत्रच त्या नावात उलटे केले आहे. दुसऱ्या अध्यायातली पत्नी म्हणते की मी माझ्या प्रियकरांमागे जाईन, कारण भाकर, पाणी, लोकर, ताग, तेल मला तेच पुरवतात. हा पाऊस पाडणारा मानल्या गेलेल्या बआल या परक्या देवाच्या उपासनेवरचा आरोप आहे. या राज्याची राजधानी शोमरोन, तिथल्या राजवाड्याच्या परिसरात 1910 मध्ये खापरांवर शाईने लिहिलेल्या नोंदी सापडल्या. त्या त्याच शतकातल्या आहेत. कोणत्या गावाहून कोणासाठी जुन्या द्राक्षारसाचा किंवा शुद्ध तेलाचा बुधला आला, एवढाच त्यांचा मजकूर आहे, पण त्यांतल्या माणसांची नावे पाहा : काहींत परमेश्वराचे नाव गुंफलेले, तर अबिबआल, मरीबआल अशा काहींत बआल हा शब्द. होशेय ज्या तेलाविषयी आणि द्राक्षारसाविषयी बोलतो, त्याचीच ही पोचपावती म्हणता येईल. कोणी परमेश्वराला उघडपणे सोडचिठ्ठी दिलेली नव्हती. दोन्ही नावे एकाच दप्तरात सुखाने नांदत होती. आणि संदेष्ट्याची वेदना हीच आहे की देणारा कोण हे तिला उमगलेच नाही, त्याने दिलेले सोनेरुपेही तिने बआलाला वाहिले.

हे प्रियकर फक्त देव नव्हते, हेही विसरू नये. एफ्राईम (म्हणजे हेच इस्राएल राज्य) अश्शूरशी करार करतो आणि मिसरला (इजिप्तला) तेल पाठवतो, असे बाराव्या अध्यायात म्हटले आहे. इस्राएलच्या मनहेम राजाने अश्शूरच्या राजाला हजार किक्कार (वजनाचे मोठे माप) चांदी मोजली, ती धनवानांकडून माणशी पन्नास शेकेल (वजनाचे लहान माप) वसूल करून. सामर्थ्यवानाच्या पायाशी सुरक्षितता शोधणे हीसुद्धा संदेष्ट्यांच्या लेखी बेइमानीच होती.

यानंतर जे घडते ते कायद्यात बसत नाही. अनुवादाच्या 24व्या अध्यायातील नियम असा की सूटपत्र (घटस्फोटाचा लेख) दिलेल्या स्त्रीने दुसरा नवरा केला, तर पहिल्याने तिला पुन्हा करून घेऊ नये. यिर्मया हा संदेष्टा आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी हाच नियम मांडतो, अनेक प्रियकर केलेली तू परत कशी येणार असे विचारतो, आणि थोड्याच ओळींनंतर परमेश्वराच्या तोंडून शब्द येतात ते 'परत ये' असे. हा प्रसंग मला सगळ्या संदेशग्रंथांत सर्वांत धाडसी वाटतो. ज्या ईर्ष्येला शेवटी सूडच हवा असतो, तिला नियमाचा आधार पुरेसा होता. येथे दुखावलेलाच नियम ओलांडून हाक मारतो.

यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथाचा 16वा अध्याय याच कथेचा सर्वांत कठोर अवतार आहे. जन्मल्या दिवशी नाळही न कापता उघड्यावर टाकलेली मुलगी (ती म्हणजे यरुशलेम नगरी), तिला 'जग' म्हणणारा, वाढवणारा आणि पुढे तिच्याशी करार करणारा देव, मग तिचा विश्वासघात आणि तिची भयंकर विटंबना. हे वर्णन मवाळ करून सांगू नये. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात रब्बी (धर्मगुरू) एलिएजर यांचे मत नोंदवले आहे की हा भाग सभास्थानात वाचू नये. पण अध्याय तेथे थांबत नाही. माझी ईर्ष्या तुझ्यावरून दूर होईल, असे वचन येते आणि शेवटाकडे सनातन कराराची घोषणा होते.

बाबेलमधल्या बंदिवासानंतर जखऱ्या या संदेष्ट्याच्या ग्रंथात हीच ईर्ष्या दिशा बदलते. पारसचा राजा दारयावेश याच्या दुसऱ्या वर्षी, इ.स.पू. 519 मध्ये, तो ऐकतो की परमेश्वर सीयोनसाठी, म्हणजे यरुशलेमसाठी, मोठ्या ईर्ष्येने पेटला आहे, आणि त्याचा कोप आता निश्चिंत बसलेल्या राष्ट्रांवर आहे. आठव्या अध्यायात या ईर्ष्येचे फळ सांगितले आहे : यरुशलेमच्या चौकांत काठी टेकत बसलेली म्हातारी माणसे आणि रस्त्यांत खेळणारी मुलेमुली.

आता दुसरी शंका. या रूपकाचा आधार घेऊन कोणी बायकोवर पाळत ठेवू लागला किंवा हात उगारू लागला, तर तो होशेयाच्या विरुद्ध जातो, आणि हे मी पूर्ण विचारान्ती लिहितो आहे. होशेयाच्या अकराव्या अध्यायात, एफ्राईमा, मी तुला कसा सोडून देऊ, असे म्हणून परमेश्वर आपला संताप आवरतो आणि कारण सांगतो ते असे की मी देव आहे, मनुष्य नव्हे. म्हणजे या नात्यातला कोप माणसाने उसना घेण्याजोगा नाही. त्याआधी चौथ्या अध्यायात होशेयाने घरच्या पुरुषांचा प्रश्न थेट हाताळला आहे. तुमच्या मुली आणि सुना व्यभिचार करतात म्हणून मी त्यांना शासन करणार नाही, असे परमेश्वर तेथे म्हणतो, कारण पुरुष स्वतःच वेश्यांबरोबर जातात आणि देवदासींबरोबर यज्ञ करतात.