आठ लाखांची ठेव, परदेशी गिऱ्हाईक आणि निकेलचा थर

प्रश्न थोडक्यात असा: गोरेगावातल्या एक वाचक घरून नथ, ठुशी, तन्मणी असे इमिटेशन दागिने विकतात. वर्षाची विक्री ११ लाख, जीएसटी नोंदणी नाही. अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनीतले मराठी लोक इन्स्टाग्रामवरून मागणी करतात. ८ लाखांची मुदत ठेव सुटते आहे आणि मुलीचं कॉलेज तीन वर्षांवर आलंय. एक सल्लागार साडेपाच लाखांत इथे प्रायव्हेट लिमिटेड, अमेरिकेत एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी), वेबसाइट आणि तिकडच्या गोदामात माल असं पॅकेज देतोय. तोवर न्यू जर्सीतला मावसभाऊ गिऱ्हाइकांचे पैसे गोळा करून पाठवेल म्हणतो. ठेव यात घालावी का?

ठेवीतले दोन लाख काढा, सहा लाख मुलीच्या कॉलेजपर्यंत पुन्हा ठेवा. पॅकेज घेऊ नका.

पॅकेजमधली अमेरिकी एलएलसी सगळ्यात महाग पडेल, आणि तो खर्च आज दिसत नाही. भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशात कंपनी काढली की फेमाखाली (परकीय चलन कायद्याखाली) ती परदेशी गुंतवणूक ठरते. बँकेमार्फत कागद भरावे लागतात, दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल द्यावा लागतो, प्राप्तिकर विवरणात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो. तिकडे एकाच परदेशी मालकाच्या एलएलसीला अमेरिकी करखात्याचा फॉर्म ५४७२ भरावा लागतो आणि तो चुकला तर दंड २५,००० डॉलर. नफा शून्य असला तरी हा फॉर्म टळत नाही. इथल्या प्रायव्हेट लिमिटेडलाही दरवर्षी ऑडिट आणि आरओसीचे (कंपनी निबंधकांचे) फॉर्म आलेच. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. तुमच्या उलाढालीला प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीची फर्म, पुरते. त्यात प्राप्तिकराच्या अनुमानित उत्पन्न योजनेखाली (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडी) बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा दाखवून हिशेब सोपा ठेवता येतो.

मावसभावाचा रस्ता आजच बंद करा. मालाचे पैसे नातेवाइकाच्या खात्यातून 'घरखर्चासाठी' म्हणून आले, तर बँकेच्या नोंदीत ती निर्यात उरतच नाही. माल गेल्याचा कागद एकीकडे, पैसे दुसऱ्याच कारणासाठी आलेले, आणि दोन्ही जुळवायची जबाबदारी तुमची. त्यापेक्षा फर्मच्या नावाने चालू खातं उघडा, परदेशी वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली पेमेंट सेवा घ्या आणि प्रत्येक रकमेवर निर्यातीचा पर्पज कोड (पैसे कशासाठी आले ते सांगणारा बँकेचा कोड) पडतोय ना, ते पाहा.

नोंदणी स्वस्त आहे. आयात-निर्यात कोडची सरकारी फी ५०० रुपये. तो दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो, काही बदललं नसलं तरी. विसरलात तर कोड निष्क्रिय होतो आणि पार्सल अडकल्यावरच ते कळतं. जीएसटी क्रमांकही घ्या. हस्तकलेला असलेल्या नोंदणीच्या सवलतीच्या भरवशावर निर्यात करू नका. क्रमांक मिळाला की दर आर्थिक वर्षी एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरा, म्हणजे निर्यातीवर कर न भरता माल पाठवता येतो. फक्त एक लक्षात घ्या: क्रमांक आला की इथल्या गिऱ्हाइकांकडूनही इमिटेशन दागिन्यांवरचा ३ टक्के जीएसटी घ्यावा लागेल. ११ लाखांवर तो साधारण ३३,००० होतो. खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा होईल, तरी इथले भाव आत्तापासूनच नीट बसवा.

कुरिअरवाल्याला 'सीएसबी-५', म्हणजे व्यापारी निर्यातीचं कुरिअर शिपिंग बिल, असं स्पष्ट सांगा. सोपं जातं म्हणून बरेच एजंट पार्सल गिफ्ट किंवा सॅम्पल दाखवून सीएसबी-४ वर पाठवतात. मग निर्यातीचा पुरावा हाती राहत नाही, आणि पुराव्याशिवाय कराचा परतावाही नाही.

आता ज्याबद्दल पॅकेजवाला बोललाच नसेल ते. पितळेच्या दागिन्यावर सोन्याचं पॉलिश देण्याआधी चकाकीसाठी निकेलचा थर देतात. वरचं सोनं इतकं पातळ असतं की घामाने आणि घासण्याने काही महिन्यांत निकेल उघडं पडतं. युरोपीय संघाच्या रीच (रसायनांबाबतच्या) नियमांत कातडीला सतत लागणाऱ्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये; टोचलेल्या नाका-कानात जाणाऱ्या तारेसाठी ही मर्यादा ०.२ आहे. म्हणजे टोचणीची नथ सगळ्यात कडक नियमात बसते. शिवाय दागिन्यात कॅडमियम ०.०१ टक्के आणि शिसं ०.०५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. कॅडमियम झाळकामाच्या डाखात (सांधे जोडायच्या धातूत) सापडतं, शिसं स्वस्त ओतीव मिश्रधातूत. ब्रिटननेही या मर्यादा कायम ठेवल्या आहेत.

मालाडच्या पॉलिशवाल्याने तोंडी 'निकेल-फ्री' म्हटलं तर ते पुरेसं नाही. बिलावर लिहून घ्या आणि त्याच टाकीत दुसऱ्यांचा निकेलचा माल जातो का, ते विचारा. दर लॉटमधले दोन नग डायमिथाइलग्लायऑक्झिमचा (निकेल ओळखणाऱ्या रसायनाचा) थेंब टाकलेल्या कापसाच्या बोळ्याने घासून पाहा. बोळा गुलाबी झाला की लॉट परत. विकायच्या डिझाइन्सचा अहवाल मात्र एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेतूनच घ्या. यासाठी पन्नास हजार बाजूला ठेवा आणि चाळीस डिझाइन्सऐवजी सहाच निवडा, कारण प्रत्येक धातू-पॉलिशच्या जोडीला वेगळी तपासणी लागते.

देश एकच निवडा: ब्रिटन, आणि तोही मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून. १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलवर २० टक्के व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यावा लागतो. बाजारपेठेवर विकलंत तर तो ती भरते. स्वतःच्या वेबसाइटवर विकलंत तर पहिल्या ऑर्डरपासून तिकडची नोंदणी तुमच्या गळ्यात. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली आणि शुल्काचे दर सारखे बदलताहेत. दारात शुल्क मागितलं की गिऱ्हाईक पार्सल नाकारतं. जर्मनी शेवटी. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात उत्पादनासाठी तिथला जबाबदार प्रतिनिधी लागतो, आणि जर्मनीत पॅकिंगच्या खोक्यांसाठी ल्युसिड नावाच्या यादीत नोंदणी वेगळी. बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने तर तूर्त इथेच विका: ते खाद्यपदार्थात मोडतात आणि लहान मुलांचे दागिने म्हणूनही नियम कडक होतात.

भाव ठरवण्याआधी परत येणारा माल मोजा. ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते, आणि जातानाचा साधा टपालखर्चही परत द्यावा लागतो. समजा व्हॅट सोडून भाव ४,००० रुपये. माल १,२००, खोकं १००, पार्सल १,२००, पैसे वळते करण्याचा खर्च २८०, बाजारपेठेचं कमिशन ४८०. हाती ७४० उरतात. दहात एक परत आला आणि तो मागवणं परवडलं नाही, तर माल, खोकं आणि पार्सल मिळून त्या नगामागे २,५०० गेले. सरासरी ४१६ वर येते. दोन परत आले तर ९२. म्हणून टोचणीच्या नथीला आरोग्यासाठी सील लावा आणि सील तोडल्यावर परत घेणार नाही, हे खरेदीआधीच पानावर लिहा. मापानुसार खास बनवलेल्या वस्तूंनाही ही सूट मिळते. माल परत मागवलात, तर पाठवतानाचा फोटो आणि बिल जपून ठेवा, नाहीतर तीच वस्तू असल्याचं कस्टम्सला पटवणं अवघड जाईल.

दोन लाखांची वाटणी: तपासणी ५०,०००, माल ६०,०००, पार्सल आणि परताव्यासाठी ४०,०००, सीए आणि नोंदण्या २५,०००. ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क वर्ग १४ मध्ये टाका, वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन फी ४,५०० रुपये. उरलेले वीस हजार खात्यातच राहू द्या. पन्नास ऑर्डरींनंतर दहात एकापेक्षा जास्त नग परत येत असतील, तर दुसऱ्या देशाचा विचार पुढे ढकला आणि डिझाइनं बदला.