वाचक विचारतात : कायुगा लोक आज कुठे आहेत?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाला कायुगा सरोवराकाठी शिकते. ज्यांच्यावरून सरोवराला नाव पडलं, ते लोक आता कुठे आहेत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, कायुगा हे त्या भागातले मूळ रहिवासी. ते आहेत, पण विखुरलेले. १७७९ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, जनरल सलिव्हनच्या मोहिमेतल्या अमेरिकी फौजेने त्यांची गावं, मक्याची शेतं जाळली. पीचची झाडंसुद्धा तोडली! वाचताना आजही संताप येतो. पुढे न्यूयॉर्क राज्याने जमीनही घेतली. बरेच जण कॅनडात ग्रँड नदीकाठी गेले, काहींचे वंशज ओक्लाहोमात आहेत. ग्रँड नदीकाठचे कायुगा प्रमुख डेस्काहे १९२३ मध्ये आपल्या लोकांच्या स्वराज्यासाठी थेट जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्सकडे) गेले. सुनावणी मिळालीच नाही. सरोवराच्या उत्तरेला सेनेका फॉल्समध्ये आज कायुगा नेशनचं, म्हणजे या लोकांच्या स्वतःच्या शासनाचं, कार्यालय आहे. इथाकाहून तासाभराचा रस्ता; मुलीला जरूर जायला सांगा.