केअरमधली नोकरी : कोणती, कुठली आणि हातात किती?

इंग्लंडमध्ये वृद्ध, अपंग आणि मनोरुग्ण प्रौढांच्या देखभालीचं जे क्षेत्र आहे, ज्याला तिथे सगळे नुसतं ‘केअर’ म्हणतात, त्याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं इंग्लंडपुरतीच आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये केअर वर्करलाही सरकारी नोंदणी लागते, इंग्लंडमध्ये ती लागत नाही; त्यामुळे एकीकडचा नियम दुसरीकडे लावू नये.

प्रश्न : पतीच्या नोकरीमुळे रेडिंगला आले. डिपेंडंट व्हिसावर काम करायला मुभा आहे. बी.कॉम. झालंय, केअरचा अनुभव शून्य. जाहिरातींत केअर असिस्टंट, सपोर्ट वर्कर, डोमिसिलिअरी केअरर अशी कितीतरी नावं दिसतात. फरक काय आणि सुरुवात कुठून करू?

पदाच्या नावापेक्षा कामाची जागा बघा. केअर होममध्ये पाळी बहुधा बारा तासांची. अंघोळ, कपडे, जेवण, शौचाला नेणं आणि प्रत्येक गोष्टीची नोंद. नर्सिंग होममध्ये चोवीस तास नोंदणीकृत नर्स हजर असते. साध्या रेसिडेन्शियल होममध्ये नसते, तिथे औषधं सहसा सीनियर केअरर देते. डोमिसिलिअरी म्हणजे लोकांच्या घरी जाऊन पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंतच्या भेटी, बहुतेक वेळा एकटीने. सपोर्ट वर्कर हा प्रकार वेगळा : बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता किंवा मानसिक आजार असलेली माणसं स्वतःच्या नावावर भाड्याने घेतलेल्या घरात राहतात, आणि तुम्ही त्यांचं काम करून द्यायचं नसतं, त्यांना करायला मदत करायची असते. भाजी त्यांनी चिरायची, बस त्यांनी पकडायची. ज्यांना चटकन स्वतःच करून मोकळं व्हायची सवय आहे, त्यांना हे जड जातं.

गाडी आणि अनुभव दोन्ही नसेल तर केअर होमपासून सुरुवात करा, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे चूक व्हायच्या आत थांबवणारं कोणीतरी शेजारी असतं. होइस्टचंच बघा. माणसाला पलंगावरून खुर्चीत नेणारं हे यंत्र बहुतेक ठिकाणी दोघींनी मिळूनच चालवायचं असतं. झोळी, म्हणजे स्लिंग, त्या व्यक्तीच्या केअर प्लॅनमध्ये लिहिलेल्या मापाचीच हवी. खांद्याकडचे दोन्ही लूप एका रंगाचे, पायांकडचे दोन्ही एका रंगाचे. घाईत एका बाजूला वेगळा रंग अडकला की माणूस तिरका लटकतो, घाबरून हातपाय झाडतो आणि घसरतो. म्हणून जेमतेम दोन इंच उचलून थांबायचं, सगळे लूप पुन्हा बघायचे, मग पुढे. माणसं उचलणाऱ्या यंत्राची आणि स्लिंगची दर सहा महिन्यांनी तपासणी कायद्याने लागते. तारीख उलटून गेलेली दिसली तर ते वापरू नका, सुपरवायझरला सांगा.

अर्ज करताना पदवीपेक्षा डीबीएस तपासणी (इंग्लंडमधल्या गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी), दोन रेफरन्स आणि भारतातलं पोलिस क्लिअरन्स जास्त महत्त्वाचं ठरतं. डीबीएसमध्ये भारतातल्या नोंदी दिसत नाहीत, म्हणून हा शेवटचा कागद मागतात. तो आधीच मागवून ठेवा, नाहीतर रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली जाते. नोकरी लागल्यावर साधारण पहिल्या बारा आठवड्यांत केअर सर्टिफिकेट, म्हणजे नवख्यांसाठीचं पायाभूत प्रशिक्षण, पूर्ण करायचं असतं. इंटरनेटवर काही पाउंडांत मिळतं त्यावर पैसे घालवू नका. त्यात फक्त वाचन होतं. प्रत्यक्ष काम करताना कोणीतरी बघून सही केल्याशिवाय सर्टिफिकेट पूर्ण होत नाही.

प्रश्न : लेस्टरमध्ये तीन वर्षं घरोघरी केअरचं काम करते. ताशी दर बरा वाटतो, पण महिन्याचा हिशेब काही जुळत नाही. पुढे बढतीला तरी वाव आहे का?

हिशेब बहुधा प्रवासात अडकतो. समजा, दिवसाला अर्ध्या तासाच्या ८ भेटी आणि फक्त भेटींच्या वेळेचे ताशी १३ पाउंड. भेटींचे तास ४, पैसे ५२ पाउंड. दोन भेटींमधला प्रवास सरासरी १५ मिनिटं धरला तर सात वेळा मिळून १०५ मिनिटं. एकूण काम पावणेसहा तास. म्हणजे ताशी जेमतेम ९ पाउंड. एप्रिल २०२६ पासून एकवीस वर्षं आणि त्यावरच्यांचं किमान वेतन ताशी १२.७१ पाउंड आहे, आणि एका भेटीवरून दुसऱ्या भेटीला जाण्याचा वेळ त्यात धरावाच लागतो. घरून पहिल्या भेटीला आणि शेवटच्या भेटीवरून घरी, हा वेळ मात्र धरत नाहीत. महिनाभर भेटींच्या वेळा वहीत लिहा, पगारपत्रकाशी ताडून बघा, आणि फरक निघाला तर आधी मालकाला लेखी विचारा. दाद मिळाली नाही तर अकास (नोकरीतल्या तंट्यांत सल्ला देणारी संस्था) किंवा एचएमआरसी (सरकारचं करखातं) यांच्याकडे जाता येतं. गाडीच्या विम्यात ‘बिझनेस युज’ आहे का, हेही बघून घ्या. फक्त कामावर येण्या-जाण्यापुरता असलेला विमा भेटी करताना झालेला अपघात सहसा भरून देत नाही.

रात्रपाळी घेणार असाल तर ‘वेकिंग नाइट’ (रात्रभर जागं राहायचं) की ‘स्लीप-इन’ ते आधी विचारा. स्लीप-इनमध्ये झोपायची सोय असते, आणि २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार कामासाठी उठावं लागलं तेवढ्याच वेळाला किमान वेतन लागू होतं.

बढतीची वाट सीनियर, टीम लीडर, डेप्युटी आणि रजिस्टर्ड मॅनेजर अशी जाते. मॅनेजरला केअर क्वालिटी कमिशनकडे, म्हणजे केअर सेवांची तपासणी करणाऱ्या संस्थेकडे, स्वतःच्या नावाने नोंदणी करावी लागते, लेव्हल ५ डिप्लोमा अपेक्षित असतो, आणि तपासणीत काही निघालं तर उत्तर तिनेच द्यायचं असतं. मधलं को-ऑर्डिनेटरचं, म्हणजे इतरांच्या भेटी आणि पाळ्या लावून देण्याचं पद मात्र डोळे उघडे ठेवून घ्या : पगारात थोडी वाढ आणि रविवारी पहाटे ‘आज येत नाही’ म्हणणारे फोन. माणसांमध्येच रमत असाल तर लेव्हल ३ डिप्लोमा करून ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्या थेरपिस्टची सहायक) किंवा नर्सिंग असोसिएट (केअरर आणि नर्स यांच्या मधलं पद) या बाजूला वळा. नर्सिंग असोसिएटची अॅप्रेंटिसशिप साधारण दोन वर्षांची असते आणि काम करता करता होते.

प्रश्न : सांगलीत एक एजंट भाच्याला यूकेच्या केअर व्हिसासाठी बारा लाख मागतोय. द्यावेत का?

नाही. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्करची नवी भरती बंद आहे. एजंट जे विकतोय ते अस्तित्वातच नाही. भाचा नर्स असेल तर गोष्ट वेगळी : नर्सिंगचा मार्ग चालू आहे, पण त्याला एनएमसीची (तिथल्या नर्सिंग परिषदेची) नोंदणी, इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची चाचणी आणि प्रात्यक्षिक परीक्षा लागते. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट भारत सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधा. नोंदलेल्या एजंटलाही जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, आणि तेही पावती देऊन.

प्रश्न : पुण्यात एम.एस.डब्ल्यू. केलं. इथे सोशल वर्कर म्हणून अर्ज करता येईल का?

लगेच नाही. इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ हे पद कायद्याने राखीव आहे. ‘सोशल वर्क इंग्लंड’ या नियामक संस्थेची नोंदणी नसताना ते नावापुढे लावणं गुन्हा ठरू शकतो. हे काम हाताने सेवा करण्याचं नाही. कोणाला किती मदत हवी याचं केअर अॅक्ट २०१४ नुसार मूल्यमापन, निर्णयक्षमतेची तपासणी, छळाच्या तक्रारींची चौकशी, असं ते असतं. नोंदणीत भारतीय अर्जदारांचं सगळ्यात जास्त अडतं ते फील्डवर्कच्या पुराव्यावर. इथल्या पदवीत २०० दिवसांचा प्रत्यक्ष सराव धरलेला आहे, त्यामुळे कॉलेजकडून लेटरहेडवर दिवस, संस्था, कामाचं स्वरूप आणि सुपरवायझरची पात्रता लिहून घ्या. मनुष्यबळ व्यवस्थापनात स्पेशलायझेशन असेल तर अडचण जास्त. अर्जाचा निकाल लागेपर्यंत कौन्सिलमधल्या (स्थानिक प्रशासनातल्या) ‘सोशल केअर असेसर’च्या जागा बघा, त्यांना ही नोंदणी लागत नाही आणि पुढे तो अनुभव उपयोगी पडतो.

प्रश्न : हॅरोत आई आमच्याकडे राहते. अर्धांगवायूनंतर तिला फक्त मराठीच बोलता येतं. मराठी बोलणारी बाई ठेवायची तर कशी?

कौन्सिलकडे केअर अॅक्टखाली मूल्यमापन मागा. ते पैशांची स्थिती न बघता करावंच लागतं. आईची बचत २३,२५० पाउंडांच्या आत असेल तर खर्चात वाटा मिळू शकतो. घरी राहूनच देखभाल हवी असेल तर राहत्या घराची किंमत यात धरत नाहीत. मग ‘डायरेक्ट पेमेंट’ मागा : पैसे तुमच्याकडे येतात आणि पर्सनल असिस्टंट, म्हणजे घरी येऊन देखभाल करणारी बाई, तुम्ही निवडता. एकाच घरात राहणाऱ्या नातेवाइकाला यातून पगार द्यायला कौन्सिल सहसा मान्यता देत नाही. बाई ठेवलीत की मालक तुम्ही : लेखी करार, पगारपत्रक, वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा आणि एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा. विम्याचे पैसे डायरेक्ट पेमेंटमध्येच मागून घ्या.

अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास होत असेल तर स्पीच थेरपिस्टने (बोलणं आणि गिळणं दोन्ही बघणाऱ्या तज्ज्ञाने) ठरवलेली अन्नाची आणि द्रवांची पातळी, म्हणजे अन्न किती मऊ आणि द्रव किती घट्ट हवं ते, त्या बाईला तोंडी न सांगता लिहून द्या. पातळ वरण आणि मोकळा भात एकत्र हा घास मऊ म्हणून सुरक्षित वाटतो, पण द्रव आधी घशात उतरतो आणि शितं मागे राहतात. ठसका तिथेच लागतो. थेरपिस्टला आईचं रोजचं जेवण नेमकं काय असतं ते सांगा. इथल्या थेरपिस्टांच्या आहाराच्या तक्त्यांत मॅश्ड पोटॅटो असतो, आमटी-भात नसतो.