उत्तर: दीड वर्षासाठी केनियाला निघताना नॉमिनीच्या भरवशावर राहू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलींच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवायला दीड वर्षासाठी केनियाला निघालाय, हातात सात आठवडे आहेत, आणि विचारलंय की बॅगेत काय न्यायचं, लसी कुठल्या, तिथं थंडी असते का. शेवटी एक ओळ सहज लिहून गेलाय: "घरचं सगळं भाऊ बघेल, तोच नॉमिनी आहे, पैशाचं काय मोबाईलवरून होतंच." त्या ओळीपाशी मी थांबलो. 2018 च्या जानेवारीत मीही जवळजवळ याच शब्दांत आईची समजूत घालून घराबाहेर पडलो होतो.

मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातला. गावोगावच्या दूध संस्थांवर दहा वर्षं काम केलं आणि मग युगांडात मबराराच्या भागात दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून राहिलो. तिथल्या शेतकऱ्यांच्या दूध संस्था, भांड्यांची स्वच्छता, दगडीची (जनावराच्या कासेच्या आजाराची) तपासणी, मुरघास म्हणजे हवाबंद साठवलेला हिरवा चारा, असं काम होतं. कामाबद्दल वेगळं कधीतरी लिहीन. पासपोर्ट, व्हिसा, पोलिसांचा दाखला, करारपत्र यांवर इथं काही लिहीत नाही, ते तुमची संस्था सांगेलच. मी लिहितोय ते कुठलीच संस्था सांगत नाही, कारण ते त्यांचं काम नाही.

माझी चूक अशी झाली. दहा वर्षांची बचत म्हणून तीन लाखांची ठेव होती, एकट्याच्या नावावर. बचत खातंही एकट्याचं. दोन्हीला भाऊ नॉमिनी. मला मनापासून वाटत होतं की नॉमिनी म्हणजे माझ्यामागे व्यवहार बघणारा माणूस. पावत्या त्याच्या हातात दिल्या, एटीएम कार्ड दिलं, पिन सांगितला, आणि झालं सगळं असं समजलो.

दुसरी चूक सिमकार्डाची. तिथं गेल्यावर तिथलं सिम घेतलं. इथलं सिम घरी एका बटणांच्या जुन्या फोनमध्ये ठेवून आलो होतो, ओटीपी आला की भाऊ कळवेल म्हणून. पहिले दोन महिने कळवलाही. मग रिचार्ज संपला, फोन कपाटात गेला. प्रीपेड नंबर सलग नव्वद दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देऊ शकते. माझा तसाच गेला. मला पत्ताच नव्हता, कारण तोवर मला त्याची गरज पडली नव्हती.

ऑगस्टमध्ये गरज पडली. पावसाचे दिवस, गोठ्यात पाय घसरून वडील पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन दोन दिवसांत करायला हवं होतं. खर्च अडीच लाखांच्या आसपास. मी फोनवर भावाला म्हणालो, ठेव मोड, त्यासाठीच ठेवलीय.

तो शाखेत गेला. बँकेचं नाव लिहीत नाही, लिहून काही साधणार नाही. टेबलावरच्या माणसानं पावती बघितली आणि म्हणाला, "तुम्ही नॉमिनी आहात. नॉमिनीचा हक्क खातेदार वारल्यावर." वडील दवाखान्यात, मी पाच हजार किलोमीटर लांब, आणि भावाला हे उभ्या-उभ्या ऐकावं लागलं. त्यानं व्हिडिओ कॉल लावून फोन पुढे केला, तर त्यांनी स्क्रीनकडे बघितलंही नाही. मी मोबाईलवरून ठेव मोडायला गेलो तर ओटीपी त्या मेलेल्या नंबरवर. नंबर बदलायचा तर खातेदारानं शाखेत यायला हवं. एटीएममधून रोजच्या मर्यादेत जेवढे निघत होते तेवढे भावानं काढले, पण बचत खात्यात होतेच किती!

आता नीट सांगतो. नियमानं बँकेचं बरोबर होतं. उद्या कुणीही पावती घेऊन गेला आणि त्यांनी ठेव मोडून दिली तर आपणच ओरडू. माझा राग त्यावर नाही. राग याचा आहे की पुढचे तीन महिने त्यांनी दर वेळी वेगळं सांगितलं आणि एकदाही कागदावर दिलं नाही. आधी म्हणाले, तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयातून साक्षांकित केलेला अर्ज पाठवा. मबराराहून राजधानी कंपाला अडीचशे किलोमीटरच्या वर. रजा काढून गेलो, अर्ज साक्षांकित केला, कुरिअरनं पाठवला. तो पोचल्यावर म्हणाले, सही जुळत नाही. सही दहा वर्षांपूर्वीची, बदललेली असणारच. मग म्हणाले, अर्ज चालत नाही, मुखत्यारपत्र हवं, म्हणजे माझ्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार भावाला देणारा कागद. पुन्हा कंपाला. ते आल्यावर म्हणाले, यावर इथलं मुद्रांक शुल्क कुठाय? परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. ही गोष्ट पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगता आली असती. पहिल्याच दिवशी एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या असत्या तर एकाच फेरीत काम झालं असतं. भाऊ शाखेत अकरा वेळा गेला. गावातून एसटीनं, वडिलांचा डबा दवाखान्यात देऊन.

ऑपरेशन थांबलं नाही, कारण वहिनींनी पाटल्या काढून दिल्या. सोनेतारण कर्ज काढलं. माझी तीन लाखांची ठेव व्याज खात पडून होती आणि घरात वहिनींचं लग्नातलं सोनं गहाण होतं. 2020 च्या जानेवारीत परत आलो तेव्हा घरी बॅग टेकवून दुसऱ्या दिवशी सकाळी आधी ती ठेव मोडली आणि पाटल्या सोडवून आणल्या. वहिनींनी कधी शब्दानं बोलून दाखवलं नाही. वडील आज काठी घेऊन गोठ्यापर्यंत जातात. तरी ही गोष्ट लिहिताना मला आजही जड जातं.

याच्या जोडीला गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज. सातबाऱ्यावर माझ्या नावचे वीस गुंठे आहेत, ऊस आहे. 30 जूनच्या आत नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, माझी सही हवी, हे निघताना डोक्यात आलंच नव्हतं. खातं थकीत गेलं, व्याजाची सवलत गेली. रक्कम मोठी नव्हती, पण सचिवांच्या यादीत वडिलांच्या घराण्याचं नाव पहिल्यांदा थकबाकीत लागलं. आमच्याकडे ही साधी गोष्ट नसते, तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून माझं ठाम मत: बॅग शेवटच्या आठवड्यात भरली तरी चालते, बँकेत याच आठवड्यात जा. भावाला सोबत घेऊन जा.

एक ध्यानात घ्या, मी वकील नाही, सीए नाही. माझं झालं ते सांगतोय, नियम बदलतात, प्रत्येक बँकेची रीत थोडी वेगळी असते. पण क्रम असा ठेवा. आधी एखाद्या सीएला करारपत्र दाखवून विचारा की या दीड वर्षात तुम्ही परकीय चलनाच्या कायद्यानं अनिवासी ठरता का. मानधन मिळतंय, मुदत ठरलेली आहे, काम सेवेचं आहे, त्यामुळे याचं उत्तर करारातल्या शब्दांवर जातं. अनिवासी ठरलात तर बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं इथलं रुपयातलं खातं) करावं लागतं, आणि मग इथल्या माणसाबरोबर संयुक्त खातं चालवायचे नियम बदलतात. हे न विचारता भावाचं नाव जोडून मोकळ्या झालात तर पुन्हा सगळं उलटं करावं लागेल. आयकरात निवासी कोण हे वेगळ्या नियमानं ठरतं, तिथं भारतात किती दिवस राहिलात ते मोजतात. दोन्ही एकच समजू नका, मी समजलो होतो.

अनिवासी ठरत नसाल तर सरळ रस्ता: खात्याला आणि ठेवीला भावाचं किंवा आईचं नाव जोडायचं, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती" या अटीवर. ठेवीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारून लेखी घ्या, मुदतीआधी मोडायची तर एकाच्या सहीनं चालेल का. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी वेगळं संमतीपत्र आधी भरून द्यावं लागतं, नाहीतर संयुक्त ठेव असूनही ऐन वेळी दोघांच्या सह्या मागतात.

त्याशिवाय मुखत्यारपत्र. इथं असतानाच, दुय्यम निबंधकांकडे नोंदवून. इथं अर्ध्या दिवसाचं काम आहे, तिथून करायला मला अडीच महिने लागले. पण सगळ्याच व्यवहारांचे अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र देऊ नका, सख्खा भाऊ असला तरी. यात अविश्वास नाही, उलट त्याचंच रक्षण आहे. उद्या चुलत्यांनी जमिनीवरून काही विषय काढला तर त्याच्यावर बोट येऊ नये. कुठलं खातं, कुठली ठेव, सोसायटीचं नवं-जुनं, विम्याचा हप्ता, दवाखान्याची बिलं, एवढंच नावानिशी लिहा. मसुदा नोंदवण्याआधी शाखेत दाखवा आणि "हा चालेल" असं त्यांच्याकडून मेलवर घ्या. बँकेचा स्वतःचा छापील अधिकारपत्राचा नमुना असेल तर तोही भरा. जाताजाता सहीचा नमुना नवा करून द्या, आणि पासपोर्टवर, खात्यावर, मुखत्यारपत्रावर सही एकच ठेवा.

सिम तुमच्याबरोबर न्या. दोन सिमचा फोन घ्या, इंटरनॅशनल रोमिंग इथं असतानाच चालू करून घ्या आणि निघायच्या आधी तपासा. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसना सहसा पैसे पडत नाहीत, तरी तुमच्या कंपनीला विचारा. रिचार्जची तारीख भावाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आधारलाही हाच नंबर असतो. माझ्या वेळी तो बदलायला स्वतः केंद्रावर जावं लागायचं, त्यामुळे पुढे वडिलांच्या पीएम किसानच्या केवायसीलाही माझ्याच मेलेल्या नंबरचा ओटीपी आडवा आला होता. घरात कुणाकुणाच्या कागदाला तुमचा नंबर लावलाय ते आईला विचारा. सगळ्या घराचे फॉर्म आजवर तुम्हीच भरले असतील तर संख्या बघून दचकाल.

हे सगळं झालं की रंगीत तालीम करा. मी हे कुठं वाचलेलं नाही, परत आल्यावर सुचलं, आणि आता जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. चार दिवस पुण्याला कुणाकडे जाऊन राहा. त्या चार दिवसांत भावानं एकट्यानं शाखेत जाऊन एक छोटी ठेव मोडायची, सोसायटीत एक सही करून यायची, विम्याचा एक कागद आणायचा. तुम्ही फोन उचलायचा नाही. जिथं तो अडेल तिथं तुमची तयारी कच्ची आहे, आणि ती पक्की करायला तुम्ही अजून इथं असाल.

पुण्याला गेलाच आहात तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लसही तिथंच घेऊन टाका. ती ठरावीक सरकारी मान्यतेच्या केंद्रांवरच मिळते, मला पुण्याला जावं लागलं होतं, आधी वेळ घ्यावी लागते. टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला ग्राह्य होतो, आणि आता तो जन्मभर चालतो. केनियाहून परत येताना आपल्या विमानतळावर तो मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, म्हणून त्या दाखल्याची पिवळी पुस्तिका पासपोर्टमध्येच ठेवा. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मलेरियाच्या गोळ्यांचं ज्या त्या भागावर अवलंबून असतं, डॉक्टरांनाच विचारा. मी तिथं मच्छरदाणीचा कंटाळा केला आणि एकदा आठवडाभर तापानं आडवा होतो.

संस्थेला एक प्रश्न लेखी विचारा: आजारी पडल्यास विम्यात भारतात परत आणण्याचा खर्च धरलाय का. उत्तर "बहुधा हो" असं आलं तर पॉलिसीची प्रत मागा. आणि एक, तुमच्या संस्थेबद्दल नाही, इतर वाचणाऱ्यांसाठी: सेवेला पाठवण्याचे लाखभर रुपये जे तुमच्याकडूनच मागतात त्यांच्यापासून मी तरी लांब राहीन. परदेशातल्या भारतीयांच्या अडचणींसाठी असलेल्या मदद नावाच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता बॅग. तुम्ही विचारलंत म्हणून थोडक्यात. उंचावरच्या गावात असाल तर संध्याकाळी स्वेटर लागतो. चष्म्याची दुसरी जोडी आणि नंबरचा कागद. तिथली सॉकेट तीन चपट्या पिनांची असतात, दोन अडॅप्टर न्या. कांदा-लसूण चटणीचा एकच डबा, घट्ट बंद. मी तीन नेले, दोन वाटण्यात गेले. मक्याचं पीठ, शेंगदाणे, कडधान्यं, चपात्या सगळं तिथं मिळतं. युगांडात चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात, त्याला रोलेक्स म्हणतात, केनियात दिसलं तर नक्की खा. शेंगदाण्याचा पातळ रस्सा तर पहिल्या घासाला आईच्या हातचा वाटला होता. कोल्हापुरी चपला तांबड्या चिखलात टिकत नाहीत, बंद बूट न्या.

केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. बँक इथं दहाला उघडते तेव्हा तुमच्याकडे साडेसात वाजलेले असतात, शाळेआधीचा तेवढाच मोकळा वेळ. भावाला आत्ताच सांगून ठेवा, शाखेतून फोन करायचा तर उघडल्या उघडल्या कर.

सोमवारी शाखेत जाऊन आलात की काय म्हणाले ते इथं लिहा. मुखत्यारपत्राचा माझा जुना मसुदा घरात आहे, नाव-पत्ता काढून तुम्हाला पाठवतो. तुमच्या वकिलांना दाखवूनच वापरा.